छोट्या वनातली विरळणी: कोणत्या झाडाला कोणतं अवजार

सिमरोल, महू, मानपूर, तिल्लोर या बाजूंना इंदूरच्या कितीतरी मराठी घरांच्या दोन-चार एकर जमिनी आहेत. मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, रोज शेतावर जाणारं कोणी नाही, म्हणून तिथे साग लावला जातो. लावताना सगळे उत्साहात असतात. पाच-सहा वर्षांनी झाडं काढायची वेळ येते तेव्हा मन धजत नाही. धजलंच, तर कोणीतरी सियागंजातून चेनसॉ, म्हणजे इंजिनावर चालणारी साखळीची करवत, विकत आणतो आणि एका रविवारी निम्मं रान आडवं करतो. मला दोन्ही गोष्टी बघवत नाहीत, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

विरळणी म्हणजे दाट लावलेल्यातली काही झाडं काढून बाकीच्यांना जागा करून देणं; ती लाकूडतोड नव्हे. जी झाडं उभी राहणार आहेत त्यांच्यासाठी केलेलं ते काम आहे. मोकळ्या माळावरचं झाड कापलं की पडतं. दाट रानातलं झाड कापलं की शेजाऱ्याच्या फांद्यांत अडकतं, पडताना चांगल्या झाडाची साल सोलतं आणि कापणाऱ्याला पळायला जागा नसते. त्यामुळे अवजार निवडताना ‘सगळ्यात लवकर काय कापेल’ हे विचारू नका. ‘चार झाडांच्या मधून एक झाड, बाकीच्यांना न दुखवता, माझ्या ताब्यात राहून काय खाली आणेल’ हे विचारा. उत्तर बहुतेक वेळा चांगली हातकरवत हेच येतं.

कापण्याआधीची अवजारं: टेप, चुना, गेरू

साग सहसा 2 मीटर बाय 2 मीटरवर लावतात, म्हणजे एकरी साधारण 1,000 झाडं, हेक्टरी 2,500. शेंडे एकमेकांना भिडले, खालच्या फांद्या वाळू लागल्या आणि खोडं उंच जाऊनही भरेनाशी झाली की पहिल्या विरळणीची वेळ झाली. पुस्तकी वय पाच-सहा वर्षांचं असलं, तरी माळव्यात वयापेक्षा जमीन बघावी. मुरमावरच्या निचऱ्याच्या उतारावर साग झपाट्याने वाढतो, तर पाणी साचणाऱ्या भारी काळ्या जमिनीत तोच साग रखडतो. हिरव्या पानांचा भाग झाडाच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून कमी उरला असेल, तर तुम्हाला उशीर झालेला आहे.

पहिल्या विरळणीची सोपी रीत म्हणजे एकाआड एक तिरकी रांग काढणं. 2 बाय 2 ची लागवड त्यामुळे 2.83 बाय 2.83 मीटरची होते आणि एकरी सुमारे 500 झाडं उरतात. पण डोळे मिटून रांग कापू नका. काढायच्या रांगेतलं झाड सरळ आणि भरदार असेल आणि ठेवायच्या रांगेतला त्याचा शेजारी वाकडा किंवा दुबेळक्याचा असेल, तर अदलाबदल करा. निम्म्याहून जास्त मात्र एका वेळी काढू नये. अचानक ऊन मिळालं की सागाच्या खोडावर जागोजागी फुटवे येतात आणि सरळ लाकडाची आशा संपते.

खुणा ऑक्टोबरात कराव्यात. तेव्हा पानं भरपूर असतात आणि कोण कोणाच्या सावलीत आहे ते दिसतं. पावसाळ्याच्या शेवटी सागाच्या पानांची जाळी करणारी अळी येते. तिने चाळण केलेलं झाड रोगट वाटतं, पण पुढच्या पावसात ते पुन्हा हिरवंगार होतं, म्हणून केवळ जाळीदार पानं बघून झाडावर फुली मारू नका.

शिंप्याचा टेप घ्या आणि जमिनीपासून 1.37 मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर, खोडाचा घेर मोजा. वनखातंही याच उंचीवर मोजतं. अवजाराची निवड या घेरावर ठरणार आहे, तेव्हा अंदाजाने भागवू नका. घेराला 3.14 ने भागलं की जाडी मिळते: 30 सेंटीमीटर घेर म्हणजे साडेनऊ सेंटीमीटर जाडी, 45 म्हणजे चौदा, 60 म्हणजे एकोणीस. पहिल्या विरळणीतली बहुतेक झाडं 25 ते 35 घेराची असतात, आणि ही गोष्ट लक्षात आली की चेनसॉची निम्मी हौस तिथेच फिटते.

ठेवायच्या झाडांना चुन्याचा पट्टा आधी मारा, काढायच्या झाडांना गेरूचा नंतर. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे नजर चांगल्या झाडांवर राहते. काढायच्या झाडाला दोन खुणा हव्यात: एक छातीच्या उंचीवर आणि एक अगदी बुंध्याशी, कापाच्या खाली. झाड गेल्यावर बुडख्यावरची खूण उरते आणि मजुरांनी सांगितलेलंच झाड काढलं की नाही ते तपासता येतं.

कागदपत्रांचं काम याच महिन्यात सुरू करा. जमीन आणि झाड तुमचं असलं तरी साग तोडण्याआधी तहसील कार्यालयात आणि वन परिक्षेत्र कार्यालयात लेखी विचारणा करा. सागाचं लाकूड गाडीत घालून हलवायचं तर परिवहन अनुज्ञा लागते. तिला सगळे ‘टीपी’ म्हणतात. जागा महानगरपालिकेच्या हद्दीत असेल तर 2001 चा नगरी क्षेत्रातल्या वृक्षांच्या परिरक्षणाचा मध्य प्रदेशचा कायदा लागू होतो. शेतातली पहिली झाडं लावतानाच पटवाऱ्याकडे त्यांची नोंद करून घेतलेली असेल, तर पुढचं सगळं सोपं जातं.

करवत

माझ्या मते दोन-चार एकरांच्या मालकाने पैसे खर्च करावेत ते इथे.

पहिली घ्यायची ती 30 ते 35 सेंटीमीटर पात्याची, किंचित वाकडी, ओढताना कापणारी करवत. तिचं पातं पातळ असतं. ओढताना ते ताणलेलं राहतं म्हणून सरळ जातं; ढकलताना जोर लावला तर मुडपतं. पाच-सहा वर्षांच्या सागाचं खोड ती मिनिट-दोन मिनिटांत कापते. दुमडणारी करवत खिशात बरी, पण दिवसभराच्या कामाला न दुमडणारी, कमरेला म्यानात अडकवता येणारी घ्या. घेताना दाते बघा. ओल्या लाकडाला मोठे, विरळ दाते लागतात, कारण ओला भुसा बारीक दात्यांत अडकून बसतो. दात्यांची टोकं निळसर-काळी असतील तर ते तापवून कडक केलेले आहेत. ते फार दिवस टिकतात, पण त्यांना कानसेने धार लावता येत नाही आणि बोथट झाले की पातंच बदलावं लागतं. म्हणून सुटं पातं मिळत असेल अशीच करवत घ्या आणि एक पातं जास्तीचं आणून ठेवा.

दुसरी ती धनुष्याकृती नळीच्या चौकटीची करवत. 21 आणि 24 इंची पाती सहज मिळतात. 45 सेंटीमीटर घेरापर्यंतच्या झाडाला आणि पडलेल्या खोडाचे तुकडे करायला ती उत्तम. दाट रानात मात्र तिची चौकट शेजारच्या खोडांवर आपटते, म्हणून पुढे निमुळती होत जाणारी, त्रिकोणी चौकट निवडा. पातं बोटाने टिचकी मारल्यावर टणटणलं पाहिजे. सैल पातं काप वाकडा नेतं, आणि वाकड्या कापाचं झाड भलतीकडे पडतं.

सागाचा चीक पात्यावर काळा थर धरतो. दर तासाभराने रॉकेल किंवा डिझेलच्या बोळ्याने पातं पुसा. ‘करवत उतरली’ म्हणून जिच्याबद्दल तक्रार येते, ती पुष्कळदा नुसती पुसून पुन्हा पहिल्यासारखी चालते.

मनगटापेक्षा बारीक रोपं, खोडावरचे फुटवे आणि वाळक्या फांद्या यांच्यासाठी लांब दांड्यांची दुहाती कात्री पुरते. तिची दोन्ही पाती एकमेकांशेजारून सरकणारी हवीत. एक पातं सपाट पाटीवर दाबणारी कात्री हिरवी साल चेंगरते.

कुऱ्हाड आणि कोयता

आमच्याकडचे मजूर बहुतेक कुऱ्हाडीवर वाढलेले असतात. ते तिच्यात तरबेज असतात, आणि त्यांना करवत हातात दिली की सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं. तरीही विरळणीत झाड पाडायला कुऱ्हाड वापरू देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. दोन मीटरच्या अंतरात ती नीट फिरवता येत नाही. एक घाव चुकला तर ठेवायच्या झाडाची साल निघते, आणि बुडखा उंच व फाटका राहतो. तिचं खरं काम फांद्या सोलण्याचं आणि लाकूड फोडण्याचं. त्यासाठी किलो-सव्वा किलोचं पातं पुरे. दांडा धावड्याचा किंवा धामणीचा असावा. ही लाकडं चिवट आहेत आणि घावाचा हादरा सोसतात. रस्त्याकडेला पाल टाकणारे गाडोलिया लोहार कुऱ्हाड आणि कोयता दोन्ही उत्तम घडवून देतात. दांड्याचे रेषे सरळ टोकापर्यंत गेले आहेत ना, एवढं उन्हात धरून बघा.

कोयता लागतो तो सगळ्यात आधी, घाणेरी साफ करायला. ज्या झाडाच्या बुंध्याभोवती घाणेरीचं जाळं आहे, तिथे पाय अडकतो आणि पळायची वाट बंद होते. पालापाचोळ्यात घोणस आणि फुरसं असू शकतं. आधी लांब काठीने पाला हलवा, मग हात घाला. आणि वर बघा: आग्या मोहोळ असेल त्या झाडाला आणि त्याच्या शेजाऱ्यांना या हंगामात हात लावू नका.

चेनसॉ: कधी आणि कोणाच्या हातात

45 सेंटीमीटर घेराच्या वरची झाडं असतील, म्हणजे दहा-बारा वर्षांची दुसरी विरळणी, निलगिरी किंवा बांधावरचा जुना सुबाभूळ, तर चेनसॉला पर्याय नाही. पण तो विकत घेण्यापेक्षा, चालवणारा अनुभवी माणूस यंत्रासकट रोजावर बोलवा. वर्षातून चार दिवस चालणारा चेनसॉ दर वेळी नादुरुस्त निघतो, आणि वर्षातून चार दिवस चालवणारा हात कधीच सराईत होत नाही.

घ्यायचाच असेल तर 35 ते 45 सीसीचा आणि 14 ते 16 इंची पट्टीचा (साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी) पुरे. ब्रेक पाहिल्याशिवाय घेऊ नका: पुढचा ढालीसारखा दांडा मनगटाने ढकलला की साखळी तत्क्षणी थांबली पाहिजे. पट्टीच्या टोकाचा वरचा पाव भाग कशालाही टेकला की यंत्र उसळून तोंडाकडे येतं. दाट रानात मागच्या फांदीला ते टोक न दिसता टेकतं, आणि विरळणीत चेनसॉ जास्त धोक्याचा होतो तो याच कारणाने. खांद्याच्या वर कधीही नेऊ नका, एका हाताने धरू नका, डाव्या हाताचा अंगठा दांड्याखालून वळलेला ठेवा.

दोन-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं. पुस्तिकेत 50 ला 1 लिहिलं असेल तर लिटरला 20 मिलिलिटर, 25 ला 1 असेल तर 40. साखळीचं तेल वेगळं, त्याची टाकी वेगळी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल धरतं, म्हणून काम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

साखळीला धार आहे की नाही ते भुशावरून कळतं. दाण्यासारखे कपचे पडत असतील तर ठीक. पिठासारखी भुकटी पडू लागली की थांबा. गोल कानस साखळीच्या मापाची हवी. छोट्या यंत्रांच्या कमी उंचीच्या 3/8 साखळीला (हे कड्यांचं इंचांतलं माप) 4 मिलिमीटरची लागते, .325 ला 4.8 ची. साखळीवर छापलेला कोन धरा, बहुधा 30 अंश. कानस एकाच दिशेने, आतून बाहेर चालवा, आणि प्रत्येक दात्याला सारखेच हात द्या. एका बाजूचे दाते लहान झाले की काप गोल वळतो.

बॅटरीवर चालणारे चार-सहा इंची छोटे चेनसॉ आता घरोघरी दिसतात. फांद्यांना ते चांगले, आवाज कमी, वजन कमी. पण हलकं आहे म्हणून लोक ते एका हाताने चालवतात आणि दुसऱ्या हाताने फांदी धरतात, तेव्हा बोटं जातात.

अंगावर काय हवं? चेनसॉला टोप, जाळीची ढाल, कानांवर बंद (यंत्राचा आवाज 100 डेसिबलच्या वर जातो), पुढून पोलादी टोपीचे बूट आणि मांड्यांवरून बांधायची साखळीरोधक पायघोळ. तिच्यातले लांब धागे साखळीत ओढले जाऊन चाक जाम करतात. ती महाग वाटली तर एकदा तिची किंमत आणि पायाची किंमत शेजारी मांडून बघा. हातकरवतीला चष्मा, टोप आणि बूट पुरतात. गमछा, सैल ओढणी, लुंगी चालणार नाही. मजुराने कितीही आग्रह धरला तरी नाही.

झाड खाली आणणं

काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करा. पानं गळलेली असतात, झाड हलकं असतं, जमीन कोरडी असते आणि उन्हाळ्यातल्या वणव्याची भीती अजून आलेली नसते. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत पाय सुद्धा उचलत नाही, तेव्हा पळणार कुठे?

झाडाची उंची आधी काढा. हाताच्या लांबीइतकी काठी हात सरळ करून उभी धरा आणि काठी झाडाला पुरती झाकेल इतकं मागे जा. तुमच्यापासून बुंध्यापर्यंतचं अंतर तीच उंची. उंचीच्या दुप्पट घेऱ्यात कापणाऱ्याशिवाय कोणीही नको. विहिरीच्या मोटरला गेलेली वीजवाहिनी त्या घेऱ्यात असेल तर आधी वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद करून घ्या.

कडेच्या, मोकळ्या बाजूच्या रांगेपासून सुरुवात करा, म्हणजे पुढच्या झाडाला पडायला गल्ली तयार होत जाते. पडण्याची दिशा ठेवायच्या दोन झाडांच्या मधली निवडा. तुमच्या सुटकेच्या वाटा पडण्याच्या दिशेच्या मागे, दोन्हीकडे 45 अंशात असाव्यात. अगदी मागे सरळ पळू नका, पडणाऱ्या खोडाचा बुंधा उसळून तिकडेच येतो.

30 सेंटीमीटर घेरापर्यंतच्या झाडाला पडायच्या बाजूने बोटभर खोल काप द्या. मग मागून, त्याच्या दोन-तीन सेंटीमीटर वर, दुसरा काप घेत या. शेवटी थोडं लाकूड शिल्लक असतानाच झाडाला रेटा द्या. या शिल्लक पट्टीला बिजागरी समजा. तीच झाडाला दिशा देते, ती पुरी कापली की झाड तुमचं ऐकत नाही. 45 घेराच्या वर नीट खाच पाडा: पडायच्या बाजूला जाडीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकी खोल, तोंड निदान 45 अंश उघडं. बिजागरी जाडीच्या दहाव्या हिश्श्याइतकी, चौदा सेंटीमीटरच्या झाडाला दीड सेंटीमीटर, सगळीकडे सारख्या रुंदीची.

बारीक झाडात पाचर ठोकायला जागाच नसते, पातं अजून कापात असतं. तिथे आपलं जुनं बेचकं कामाला येतं: तीन-चार मीटर लांब, टोकाला दोन फाटे असलेली मजबूत काठी. बेचकं खोडात वर अडकवून दुसऱ्या माणसाने मागून रेटायचं. वर रेटल्यामुळे थोड्या जोरात मोठं काम होतं. मोठ्या झाडाला दोर बांधा, 12 मिलिमीटर किंवा जाड, झाडाच्या उंचीच्या दुपटीहून लांब. विहिरीवरचा जुना सोल नको. नायलॉनही टाळा, ते ताणतं आणि तुटलं तर चाबकासारखं परत येतं. चेनसॉ वापरत असाल तर पाचर प्लास्टिकची, लोखंडाची नाही.

झाड हललं की कापणारा मोठ्याने ‘हटो’ म्हणेल आणि बाजूला होईल. हा एकच शब्द आधी सगळ्यांत ठरवून ठेवा.

अडकलेलं झाड

सगळ्यात जास्त अपघात इथे होतात, म्हणून सावकाश वाचा. अडकलेल्या झाडाखाली जायचं नाही. त्यावर चढायचं नाही. ज्या झाडात ते अडकलंय ते कापायचं नाही. त्यावर दुसरं झाड पाडून ते सोडवायचा प्रयत्न करायचा नाही. बुंध्याकडून तुकडे कापत आणायचीही रीत काही ठिकाणी आहे, तीही नको.

आधी बिजागरीचं उरलेलं लाकूड कडेने कापून झाड मोकळं करा, फक्त मधलं थोडं ठेवा. मग बुंध्याभोवती दोराचे दोन-तीन वेढे देऊन त्यात पहार घाला आणि तुम्ही उभे आहात तिच्या उलट दिशेला खोड फिरवा. बहुतेक झाडं फिरली की घसरून खाली येतात. नाही आलं, तर बुंध्याखाली पहार घालून तो मागे सरकवा, किंवा लांबून दोराने मागे ओढा. हाताने चालवायचा टर्फर (तारेचा दोर ओढणारं यंत्र) किंवा चेनपुली भाड्याने मिळते. दुसऱ्या झाडाला ती बांधताना सालीवर गोणपाट गुंडाळा. तरीही नाही आलं तर भोवती लाल फीत बांधा, सगळ्यांना सांगा आणि उद्या दोन माणसं जास्त घेऊन या.

प्रथमोपचाराच्या डब्यात दाब देता येईल अशी मोठी पट्टी हवी. मोबाइलची रेंज कुठे मिळते ते सकाळीच बघून ठेवा, 108 ला सांगायला शेताचं ठिकाण कागदावर लिहून खिशात ठेवा. एकट्याने हे काम कधीही करू नका.

पडल्यानंतर

फांद्या बुंध्याकडून शेंड्याकडे सोला, खोड तुमच्या आणि कुऱ्हाडीच्या मध्ये ठेवून. खोड ज्या फांद्यांवर टेकलंय त्या शेवटी. वाकून ताणलेल्या फांदीला आधी आतल्या, दबलेल्या बाजूने हलका काप द्या, मग ताणलेल्या बाजूने. उलट केलं की ती फाटून उसळते.

बुडखा जमिनीलगत, गुळगुळीत आणि थोडा तिरका ठेवा. सागाला आणि सुबाभळीला फुटवे येणारच. सागाचे सावलीत मागे पडतात, सुबाभळीचे पडत नाहीत. ते पहिल्या पावसानंतर दुहाती कात्रीने काढत राहावे लागतात.

या वयाच्या सागात पक्कं लाकूड फार थोडं असतं. बाहेरचं पांढुरकं लाकूड वाळवीला आवडतं, त्यामुळे फर्निचरच्या भावाची अपेक्षा ठेवू नका. साल काढून, जमिनीपासून वर, सावलीत रचलेल्या बल्ल्या मांडवाला, वेलींना, तात्पुरत्या कुंपणाला जातात.

पाला-डहाळ्या जाळू नका. सडलेल्या काडीकचऱ्याचं खत करायची जी पद्धत जगभर ‘इंदूर’च्या नावाने ओळखली जाते, ती इथेच, 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी बसवली. कपाशीच्या नि तुरीच्या टणक काड्या ते शेतरस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत, मग शेण, माती आणि राखेबरोबर थर लावत. आपणही बोटाएवढ्या डहाळ्या ट्रॅक्टरच्या वाटेवर टाकू शकतो. मनगटाएवढ्या जाड फांद्या चुलीला. बाकीचा पाला उरलेल्या झाडांच्या मुळांशी, खोडापासून वीतभर अंतर सोडून पसरा. मार्चच्या आत शेताच्या कडेने तीन-चार मीटर रुंद पट्टा पूर्ण साफ करा, म्हणजे शेजारच्या गव्हाची नरवाई (कापणीनंतर उरलेली धसकटं) पेटली तरी आग तुमच्या वाळक्या पाल्यात शिरणार नाही.

शेवटी ठेवलेल्या झाडांमधून एक फेरी मारा. जिथे साल निघाली असेल तिथे धारदार चाकूने कडा गुळगुळीत करा आणि जखम उघडी, कोरडी राहू द्या. दहा-वीस झाडांचा घेर मोजून वहीत लिहा, त्यांच्यावर रंगाने क्रमांक घाला. दर ऑक्टोबरात तीच झाडं पुन्हा मोजा. घेर वाढायचा वेग पुन्हा मंदावला की दुसऱ्या विरळणीचा चुना आणि गेरू भिजवायला घ्या.